काटा मधोमध आला की

गेल्या वर्षी जानेवारीत मी माझी मोटरसायकल घेऊन इंदूरच्या सियागंजमागच्या गल्लीतल्या एका मिस्त्रीकडे गेलो आणि त्याला म्हणालो, हिला किक बसवून हवी आहे. तो हसला. गाडीच्या उजव्या बाजूला उकिडवा बसून त्याने इंजिनाच्या झाकणावर टिचकी मारली. "भिया, किक तो लगा दूँ, पर अंदर उसको पकड़ेगा कौन?"

या मागणीमागे महिनाभरापूर्वीची एक सकाळ होती. डिसेंबरात मी एकटाच पचमढीला गेलो होतो. परतायच्या आदल्या रात्री लॉजसमोर गाडी लावताना किल्ली 'बंद'वर न आणता मी ती पार्किंगच्या खुणेपर्यंत फिरवली आणि मागचा दिवा रात्रभर जळत राहिला. चूक सर्वस्वी माझी. सकाळी बटण दाबलं तर इंजिनाऐवजी रिलेची नुसती टकटक. लॉजवरच्या दोन पोरांनी गाडी उतारावर ढकलली. दुसऱ्या गिअरात घालून मी क्लच सोडला. चाक अडखळलं, इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. तीनदा हेच झालं. तेवढ्यात एक दूधवाला आला. तीसेक वर्षांची टू-स्ट्रोक गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. त्याने दूध घातलं, किकवर पाय दिला आणि पहिल्याच फटक्यात निळा धूर सोडत निघून गेला. माझी गाडी टेम्पोत घालून पिपरियापर्यंत न्यावी लागली. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या बसल्याच मी ठरवलं, की या गाडीला किक लावून घ्यायची.

मिस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जुन्या मोटरसायकलींच्या इतिहासात शिरलो. तिथे माझ्या मागणीचं काय झालं, ते पुढे येईलच.

अगदी सुरुवातीच्या मोटरसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच. क्लच नाही, गिअर नाही, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत थेट चामड्याचा पट्टा. सुरू करायची तर पेडल मारायचं, नाहीतर गाडीबरोबर धावत जाऊन इंजिन पेटलं की उडी मारून बसायचं. थांबायचं म्हणजे इंजिन बंद. चढावर थांबलात की संपलं. इंजिन जागच्या जागी फिरवून सुरू करता येणं ही सोय आधी कुणाला सुचली नसेल असं नाही, पण ती पायाने दाबायच्या दांड्याच्या रूपात घडवून बाजारात आणण्याचं श्रेय बहुधा आल्फ्रेड अँगस स्कॉट या यॉर्कशायरच्या इंजिनिअरला दिलं जातं. १९०८ साली त्याने स्वतःच्या नावाच्या टू-स्ट्रोक मोटरसायकली बनवायला सुरुवात केली. त्या गाड्यांनी १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षं आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. स्कॉटला गुहांमध्ये उतरण्याचा नाद होता. १९२३ साली अशाच एका मोहिमेवरून तो ओल्या कपड्यांनिशी घरी आला, न्यूमोनियाने आजारी पडला आणि गेला. तोवर किक ही जगभरच्या मोटरसायकलींची नेहमीची गोष्ट होऊन बसली होती.

किकचं आतलं काम तसं साधं. दांडा एका शाफ्टवर बसतो, शाफ्टवर एकाच दिशेने पकडणारं दातेरी चाक असतं. ते क्लचच्या किंवा गिअरबॉक्सच्या मार्गे क्रँकला फिरवतं. इंजिन पेटलं की दातेरी चाक सुटतं आणि स्प्रिंग दांड्याला वर आणते. जुन्या इंग्लिश धाटणीच्या गाड्यांमध्ये हा फिरवण्याचा मार्ग गिअरबॉक्समधून जायचा, म्हणून किक मारण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये असावीच लागे. पुढे जपानी गाड्यांनी किकचा दात थेट क्लचच्या बाहेरच्या भांड्याला जोडला. त्यामुळे क्लच दाबून कुठल्याही गिअरात किक मारता येऊ लागली. चौकात गाडी बंद पडलेल्या माणसाला हा फरक कळतो.

मोठ्या, एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं प्रकरण मात्र वेगळं होतं. त्यात ताकदीपेक्षा वेळ साधण्याला महत्त्व होतं. पिस्टन वर येताना आतली हवा दाबली जाते. त्या दाबाविरुद्ध नुसता पाय आपटून काही होत नाही. उलट पिस्टन पुरता वर पोहोचण्याआधी ठिणगी पडली आणि इंजिनाला पुरेसा वेग नसला, तर स्फोट पिस्टनला मागे ढकलतो आणि किकचा दांडा पायावर उलटा येतो. त्यासाठी क्रम होता. चावी लावायची. किक हळूहळू दाबत अँमीटरकडे बघायचं. पॉइंट जुळलेले असले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मधोमध येतो. काटा मधोमध आला म्हणजे पिस्टन वरच्या टोकाशी आहे. मग हँडलवरचं डीकॉम्प्रेशनचं छोटं लिव्हर दाबून कोंडलेली हवा सोडायची, किक अगदी किंचित पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचं, किक वर येऊ द्यायची. आता एकच लांब, सावकाश, पूर्ण फटका. हा क्रम ठाऊक असलेला किडकिडीत माणूस जी गाडी सहज सुरू करायचा, ती न ठाऊक असलेला पहिलवान घाम गाळूनही सुरू करू शकत नसे. शेतावरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारणाऱ्यांना यातलं निम्मं आधीच माहीत असायचं, कारण तिथेही आधी डीकॉम्प्रेशन उचलून चक्राला वेग द्यायचा आणि मग ते खाली टाकायचं, हाच हिशेब.

मोटारींच्या जगात या हँडलने बऱ्याच लोकांचे हात मोडले होते. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला डॉक्टरांनी 'शोफर्स फ्रॅक्चर' असं नावच देऊन टाकलं. उलट्या आलेल्या हँडलचा मार लागून एक मनुष्य दगावला आणि त्यामुळे कॅडिलॅकच्या प्रमुखाने चार्ल्स केटरिंगला यावर उपाय शोधायला सांगितलं, अशी हकीकत सांगितली जाते. हकीकत असो वा नसो, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर होता. मोटरसायकलवाल्यांनीही लगेच तो प्रयोग केला. अमेरिकेच्या 'इंडियन' कंपनीने १९१४ साली हेंडी स्पेशल नावाची बटणावर सुरू होणारी गाडी काढली. त्या काळच्या बॅटऱ्यांना ते झेपेना आणि कंपनीने तो नाद सोडला. मोटारीत जड बॅटरी ठेवायला जागा होती, मोटरसायकलवर नव्हती. पुढची चाळीस-पन्नास वर्षं मोटारवाला बटण दाबत राहिला आणि मोटरसायकलवाला किक मारत राहिला. यातूनच, मला वाटतं, किक मारण्याला मर्दानगीची झाक चढली. जी गोष्ट निव्वळ बॅटरी छोटी असल्यामुळे उरली होती, ती स्वाराच्या अंगचा गुण मानली जाऊ लागली.

जपानमध्ये होंडाने १९५८ मध्ये सुपर कब काढली आणि दोन-तीन वर्षांतच तिची बटणावर सुरू होणारी आवृत्तीही आणली. हार्ले-डेव्हिडसनने १९६५ मध्ये मोठ्या गाडीला बटण दिलं आणि गाडीच्या नावातच 'इलेक्ट्रा' घातलं. १९६९ च्या होंडा सीबी ७५० वर बटण आणि किक दोन्ही होतं. त्या दोन्हींत एक मूक कबुली होती, की बटणावर आमचा विश्वास आहे, पण पुरता नाही.

भारतात हा अविश्वास आणखी पन्नास वर्षं टिकला. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरला बुलेट बनू लागली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांच्या किकची गंमत अशी, की डाव्या बाजूचा तोच दांडा वळवला की गिअरचा पाय व्हायचा. नवखा माणूस आधी किक शोधत बसायचा. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या गाडीवर बेतलेली होती. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनत आणि लोक त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. स्कूटर सुरू होत नसेल तर ती एका बाजूला आडवी कलवून पुन्हा उभी करायची आणि मग किक मारायची, हे दृश्य माझ्या पिढीने घराघरांत पाहिलं आहे. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत उतरावं म्हणून असं करायचं, असं मोठी माणसं सांगत.

दूधवाल्याच्या गाडीचं रहस्य याच काळातलं. त्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये किकने फिरलेलं मॅग्नेटोच ठिणगीपुरती वीज तयार करायचं. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने कार्ब्युरेटरात उतरायचं. बॅटरी असली तर हॉर्नसाठी आणि दिव्यांसाठी. ती काढून ठेवली तरी गाडी चालायची. बॅटरी-कॉइलवर चालणाऱ्या जुन्या बुलेटला मात्र ठिणगीसाठी थोडी तरी वीज लागायची. किक होती म्हणून ती बॅटरीच्या बंधनातून पूर्ण सुटलेली होती, असं नव्हतं. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि यानेच माझ्या मागणीची हवा निम्मी गेली.

उरलेली निम्मी मिस्त्रीने घालवली. त्याने मला दोन झाकणं दाखवली. एक दीडशे सीसीच्या एका लोकप्रिय गाडीचं. त्यात किकच्या शाफ्टसाठी भोक होतं, आत शाफ्ट बसायला ओतीव धातूचा जाड उंचवटा होता. तशाच इंजिनाच्या किक नसलेल्या आवृत्तीत ते भोक बुचाने बंद केलेलं असतं, बाकी जागा तीच राहते. अशा गाडीला किक बसवता येते. सुझुकीच्या डीआर-झेड ४०० या गाडीचं उदाहरण मोटरसायकलवाल्यांच्या परिचयाचं आहे. तिची एक आवृत्ती किकची होती, दुसरी बटणाची. इंजिन मुळात एकच, म्हणून बटणवाल्या गाडीत किकचे सुटे भाग घालून लोक दोन्ही सोयी मिळवतात. दुसरं झाकण माझ्या गाडीसारख्या इंजिनाचं. आतून सपाट. उंचवटा नाही, शाफ्टला टेकू नाही, क्लचच्या भांड्यावर किकचा दात नाही. "बनाने वाले ने सोचा ही नहीं," मिस्त्री म्हणाला. वेल्डिंग करून, खरादीवर घासून काहीतरी घडवता येईल. पण ॲल्युमिनियमचं झाकण तापून वाकलं की तेल गळणार, आणि फटका बसेल तो थेट इंजिनाच्या कवचावर.

त्यानंतर त्याने मला ती गोष्ट सांगितली, जी पचमढीच्या उतारावर मला कळायला हवी होती. समज किक बसली, तरी त्या सकाळी तिचा काय उपयोग झाला असता? इंधन-इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल आपल्या वजनाने उतरत नाही. विजेचा पंप ते हवेच्या दाबाच्या साधारण तिप्पट दाबाने ढकलतो, आणि छोटा संगणक इंजेक्टरला केव्हा, किती उघडायचं ते सांगतो. बॅटरी पूर्ण मेली की पंप गप्प, संगणक गप्प. इंजिन ढकलून फिरवा की किकने, आत पेट्रोलच नाही. बॅटरी अर्धमेली असेल, म्हणजे स्टार्टर मोटर फिरवण्याइतका जोर तिच्यात नसेल पण पंप आणि संगणक चालवण्यापुरता असेल, तेव्हाच किक कामाला येते. स्टार्टरला त्या दोघांच्या कितीतरी पट प्रवाह लागतो, त्यामुळे अशी मधली अवस्था येते खरी. यामाहाची एसआर ४०० ही गाडी १९७८ पासून २०२१ पर्यंत केवळ किकवर विकली गेली आणि शेवटची काही वर्षं तिच्यात इंधन-इंजेक्शनही होतं. तेव्हा इंजेक्शन आणि किक यांचं वैर नाही. पण किक असली म्हणजे बॅटरीची गरज संपली, हा माझा समज टेम्पोतच राहिला.

आपल्याकडे किक नाहीशी होण्याच्या तारखा तशा ताज्या आहेत. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर सतत जळता ठेवणं सक्तीचं झालं, म्हणजे विजेच्या व्यवस्थेवर कायमचा भार आला. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि बहुतेक गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला. रॉयल एन्फिल्डने २०२० मध्ये मीटिऑरबरोबर जे नवं साडेतीनशेचं इंजिन आणलं, त्याला किक नव्हती. २०२१ मध्ये क्लासिक आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेट त्याच इंजिनावर गेली. २०१८ मध्ये जावा नाव परत आलं तेही किकशिवाय. नव्या इंजिनाच्या कवचात किकचा शाफ्ट, दाते, स्प्रिंग, त्यांच्यासाठीची जागा हे सगळं वगळलं की वजन आणि खर्च दोन्ही वाचतात, आणि बॅटऱ्या आता तेवढ्या भरवशाच्या झाल्या आहेत.

किक कुठे उरली, हे पाहणं जास्त बोलकं आहे. हिरोच्या एचएफ मालिकेतल्या सर्वात स्वस्त गाड्या इंधन-इंजेक्शन आल्यावरही फक्त किकवर विकल्या गेल्या. तिथे ती परंपरा म्हणून राहिलेली नाही. स्टार्टर मोटर आणि मोठी बॅटरी घातली की किंमत काही हजारांनी वाढते, आणि ती गाडी घेणाऱ्याला ते हजार जड असतात, म्हणून राहिली आहे. माझ्यासारख्याला किक हौस म्हणून हवी असते, आणि ज्याच्याकडे ती आहे त्यातल्या अनेकांना बटण परवडलेलं नसतं.

इथवर आल्यावर मी ताईला फोन केला. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आता महूला असते. तिला ही सगळी हकीकत रंगवून सांगितली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुला किक हवीशी वाटते, कारण ती तुला मारता यायची."

मला १९८९ सालचा रामबागेतल्या आमच्या वाड्यातला एक दिवस आठवतो. बाबांकडे मोठ्या इंजिनाची, काटा आणि डीकॉम्प्रेशनचं लिव्हर असलेली गाडी होती. एका सकाळी ऑफिसला उशीर झाला म्हणून त्यांनी काट्याकडे न बघताच किक मारली आणि ती उलटी आली. घोट्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. गाडी अंगणात उभी. बंद राहिली तर बॅटरी उतरेल म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ती सुरू करून ठेवायला हवी होती. पहिल्या दिवशी ताई पुढे झाली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात खोखो खेळणारी, माझ्यापेक्षा अंगाने मजबूत. तिने साडीचा पदर खोचला आणि दहा-बारा वेळा किक मारली. काही झालं नाही. बाबा ओट्यावर प्लास्टरचा पाय पसरून बसले होते. ते म्हणाले, "सोड बेटा, ते तुझं काम नाही." मग मला हाक मारली. मी चौदा वर्षांचा. पाचव्या फटक्याला गाडी सुरू झाली. शेजारचे काका टाळ्या वाजवत म्हणाले, वाघ आहे पोरगा. ही गोष्ट मी गेली पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे.

ताईने फोनवर विचारलं, "पण तू केलंस कसं? मी तर तुझ्यापेक्षा जोरात मारत होते."

मी सांगितलं, की बाबांनी मला त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवलं होतं. चावी लावायची, किक हळू दाबत काट्याकडे बघायचं. काटा मधोमध आला की लिव्हर दाबून जरासं पुढे सरकवायचं. मग फटका.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "एवढंच होतं?"

एवढंच होतं. त्या दिवशी अंगणात माझ्या पायात तिच्यापेक्षा जास्त जोर नव्हता. मला जे ठाऊक होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिला सांगायला हवं हे बाबांच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. बाबा वाईट नव्हते. तिला त्यांनी एम. ए. पर्यंत शिकवलं. पण गाडी सुरू करण्याची ही युक्ती ते फक्त मुलाला देऊन गेले आणि तिला वाटत राहिलं की आपल्यात ताकद कमी पडली. किकचा इतिहास लिहिणारे डीकॉम्प्रेशन, पॉइंट, मॅग्नेटो यांबद्दल लिहितात. ही माहिती घरातल्या घरात कुणाला दिली जायची आणि कुणाला नाही, हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

ताई शेवटी गाडीवर बसली ती बटणामुळे. त्याआधी अहमदनगरच्या कायनेटिकची लूना होती, १९७२ सालची, पेडल मारून सुरू होणारी. तिने पुष्कळ बायकांना आणि मास्तरांना घराबाहेर काढलं. पण महूपर्यंतच्या रोजच्या वीस-बावीस किलोमीटरला ती लहान पडली असती. कायनेटिक होंडा १९८४ साली आली. आमच्या इंदूरपासून तीसेक किलोमीटरवर पीथमपूरला तिचा कारखाना होता, त्यामुळे ती आमच्या गावची असल्यासारखीच वाटायची. गिअर नाही, क्लच नाही, आणि अंगठ्याने दाबायचं बटण. किकही होती, अडीअडचणीला. १९९२ मध्ये ताईला महूच्या एका शाळेत नोकरी लागली. बाबा म्हणाले, बसने जा. बस कधी यायची, कधी नाही. दोन महिन्यांनी तिने स्वतःच्या पगारातून आणि आईच्या साठवलेल्या पैशांतून वापरलेली कायनेटिक होंडा घेतली. पहिल्या दिवशी बाबा दारात उभे होते, सुरू करून द्यायला. तिने बटण दाबलं आणि निघाली. ते हात तसाच पुढे करून उभे राहिले, हे मी पाहिलं आहे.

पुढे बटणाच्या हलक्या स्कूटरी गावोगाव पोहोचल्या. क्लासला जाणाऱ्या मुली, नर्सा, शिक्षिका, गुडघे गेलेले पेन्शनर त्यांच्यावर दिसू लागले. किक गेली म्हणून हळहळणाऱ्यांत हे लोक सहसा नसतात.

मला किक का हवी होती, याचा मी पुन्हा विचार केला. दूधवाल्याची गाडी बंद पडली असती तर ती त्याला स्वतःला उघडून बघता आली असती, हे त्या सकाळी मला खुपलं होतं. माझ्या गाडीत माझ्या हाताला लागेल असं काहीच नव्हतं. ही खंत मी सोडलेली नाही. यंत्र बंद पडल्यावर मालकाला काहीतरी करता यावं, अशी फट बनवणाऱ्याने त्यात ठेवायला हवी, असं मला आजही वाटतं. पण ती फट म्हणजे किकच, हे मी माझ्या आठवणीतून ठरवत होतो, आणि त्या आठवणीत ताई अंगणाच्या कडेला पदर खोचून उभी होती.

मिस्त्रीने माझ्या गाडीला किक बसवली नाही. त्याने नवी बॅटरी घातली, हँडलजवळ एक छोटा व्होल्टमीटर लावून दिला आणि खिशात मावेल असा लिथियमचा जंप-स्टार्टर कसा जोडायचा ते दोनदा करून दाखवलं. आधी काळी तार काढायची की लाल, बसवताना आधी कुठली, बॅटरी किती व्होल्टच्या खाली गेली की बटण दाबत बसू नये, हे त्याने मला विचारून विचारून पाठ करून घेतलं. पैसे देऊन मी निघालो.

त्या रविवारी महूला गेलो, तेव्हा ते सगळं ताईला दाखवलं. ताईची नात, वय अकरा, शेजारी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, ही लाल तार आधी का? मी उत्तर द्यायच्या आत ताई म्हणाली, "तिच्या हातात दे आणि तिलाच जोडू दे."